फोटोखालची ओळ
(युवक शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



माझ्या ऑफिसच्या पँट्रीत, कॉफीच्या मशीनवर, एक मोठा फ्रेम केलेला फोटो आहे. तुम्हीही तो पाहिला असेल. कॅफेत असतो, सलूनमध्ये असतो, टी-शर्टवरही असतो. उंच आकाशात एक लोखंडी तुळई, तिच्यावर पाय खाली सोडून बसलेले अकरा कामगार, आणि खाली धुरकट न्यूयॉर्क. कुणाच्या हातात डबा आहे, कुणी सिगारेट पेटवून घेतोय. १९३२ साली रॉकफेलर सेंटर बांधलं जात होतं, तेव्हा ६९व्या मजल्यावर काढलेला हा फोटो.

चार वर्षं मी त्याच्यासमोर उभा राहून कॉफी प्यायलो. एक दिवस एका नव्या मुलीनं विचारलं, "सर, ही माणसं कोण होती?" मला सांगता आलं नाही. मग शोधलं. तेव्हा कळलं की हा फोटो इमारतीच्या जाहिरातीसाठी मुद्दाम जुळवून काढला होता. इमारतीचं नाव माहीत आहे, मजला माहीत आहे, तो २ ऑक्टोबर १९३२ला वर्तमानपत्रात छापून आला हेही माहीत आहे. पण त्या अकरांपैकी बहुतेकांची नावं आजही खात्रीनं कुणाला सांगता येत नाहीत. जगातला सगळ्यात प्रसिद्ध कामगारांचा फोटो, आणि त्यातले कामगार कोण, तर ठाऊक नाही.

आज मला एवढ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. कामगारांचा फोटो काढला जातो, तेव्हा त्याच्याखाली काय लिहिलं जातं?

मी फोटोग्राफर नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये आलो. पण मी ज्या कामात आहे तिथे कॅमेरे आहेत आणि कॅमेऱ्यांपुढे कामगार आहेत. आणि माझे अब्बा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करत आले. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता कलेचा नाही.

पँट्रीतला तो फोटो लुईस हाइननं काढला असं पुष्कळ लोक समजतात. ते खरं नाही. पण त्या गैरसमजामुळे मी हाइनपर्यंत पोचलो, आणि तो माणूस मला सोडेना.

लुईस हाइनचा जन्म १८७४चा, अमेरिकेतला. न्यूयॉर्कच्या एका शाळेत तो शिक्षक होता. १९०८ साली नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या संस्थेनं त्याला कामावर घेतलं. काम एकच, कारखान्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढायचे. मालक आत येऊ देत नसत. म्हणून हाइन सोंगं घ्यायचा. कधी आग प्रतिबंधक तपासनीस, कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डवाला, कधी यंत्रांचे फोटो काढणारा. यंत्राचा आकार कळावा म्हणून जरा या पोरीला शेजारी उभं करू का, असं म्हणायचं आणि फोटो पोरीचाच घ्यायचा. कोटाच्या प्रत्येक बटणाची जमिनीपासूनची उंची त्यानं मोजून ठेवली होती. मूल शेजारी उभं राहिलं की कितव्या बटणाला लागतं ते बघायचा, आणि खिशातल्या खिशात कागदावर टिपून घ्यायचा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला मेटाडेटा म्हणतो. माहितीबद्दलची माहिती. हाइनच्या फोटोंइतकीच त्या फोटोंखालच्या ओळींनी मला पकडून ठेवलं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या व्हिटनेल इथल्या सूतगिरणीत १९०८ साली त्यानं एका मुलीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना चात्यांच्या लांबच लांब रांगा आणि मध्ये ती. खाली त्यानं लिहिलंय की तिची उंची ५१ इंच, गिरणीत एक वर्ष झालं, कधी कधी रात्रपाळीही करते, यंत्राच्या चार बाजू सांभाळते, रोज ४८ सेंट मिळतात. वय विचारलं तर ती अडखळली, आठवत नाही म्हणाली. मग हळूच सांगितलं की कामावर यायचं माझं वय झालेलं नाही, तरी करते. आणि शेवटी हाइनची नोंद अशी की, तिथल्या पन्नास कामगारांत साधारण तिच्याएवढी दहा मुलं होती.

बघा, यात "बिचारी" नाही, "कोवळं बालपण" नाही. उंची, पगार, पाळी, आणि तिनं स्वतः काय सांगितलं ते. बाकी तुमचं तुम्हाला समजतं.

दुसरी मुलगी अ‍ॅडी कार्ड. १९१०चा ऑगस्ट, व्हरमाँट राज्यातलं नॉर्थ पाउनल गाव, तिथली सूतगिरणी. अनवाणी, मळका झगा, एक हात यंत्रावर टेकलेला, आणि थेट आपल्याकडे बघतेय. हाइननं लिहून ठेवलंय की गिरणीतल्या मुली म्हणतात ही दहा वर्षांची, ती स्वतः म्हणाली बारा. शाळेच्या सुटीत कामाला लागली आणि आता इथेच राहणार.

"सुटीत लागली आणि आता इथेच राहणार." आपल्यापैकी जे मागाच्या गावातून आलेत त्यांनी हात वर करा. बघा किती आहेत. मे महिन्याच्या सुटीत मागावर लागलेली आणि जूनमध्ये शाळेत परत न आलेली पोरं तुमच्याही वर्गात होती, माझ्याही होती. माझ्या शेजारच्या बाकावरची जागा सातवीत अशीच रिकामी झाली.

अ‍ॅडीचा फोटो पुढे फार प्रसिद्ध झाला. १९९८मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं तो तिकिटावर छापला. पण मधल्या काळात तिचं आडनाव चुकीचं वाचलं गेलं होतं. कार्डचं झालं होतं लेअर्ड. एका लेखिकेनं जुन्या जनगणनेच्या नोंदी तपासल्या, बरोबर नाव शोधलं आणि त्यावरून तिची नातवंडं सापडली. अ‍ॅडी १९९३मध्ये वारली. आपल्या फोटोवर तिकीट निघालंय, हे बघायला ती उरली नव्हती. पण तिच्या घरच्यांना आपली आजी सापडली, ती कशामुळे? फोटोमुळे नाही. १९१०मध्ये कुणीतरी नाव, गाव आणि गिरणी लिहून ठेवली होती म्हणून. पँट्रीतल्या अकरांच्या नशिबात हे आलं नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. त्याच देशात, त्याच वर्षांत, कामगारांचे आणखी एका प्रकारचे फोटो निघत होते. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे पती-पत्नी. फ्रँक मूळचा बांधकामातला माणूस. गवंडी वीट लावताना किती हालचाली करतो याचा त्यानं अभ्यास केला आणि अठरा हालचालींचं काम पाचेक हालचालींवर आणलं. मग दोघांनी कॅमेरा घेतला. कामगाराच्या बोटांना छोटे विजेचे दिवे बांधायचे, अंधाऱ्या जागी त्याला काम करायला लावायचं आणि कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं. फोटोत उमटते ती उजेडाची रेघ, म्हणजे हाताचा पूर्ण प्रवास. दिवा ठरावीक गतीनं उघडझाप करत असल्यानं रेघेचे ठिपके होतात, आणि ठिपके मोजले की वेळ कळते. पुढे या रेघांवरून त्यांनी तारांचे नमुनेही बनवले.

हे फोटो फार सुंदर आहेत, आज संग्रहालयांत जपलेले आहेत. आणि गिलब्रेथ दांपत्य काही दुष्ट नव्हतं. कामगाराचा थकवा कमी व्हावा, त्याला बसायला नीट खुर्ची मिळावी, असंही ते सांगत होते. पण ते फोटो नीट पाहा. रेघ लख्ख आहे, आणि कामगार पुसट. कधी कधी तर चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. पुसट होणं ही चूक नव्हती. त्या फोटोला चेहरा लागतच नव्हता.

म्हणजे एकाच काळात दोन कॅमेरे. एक विचारतो, "तू कोण?" दुसरा विचारतो, "किती वेळ लागला?"

आता माझं सांगतो. मी दुसऱ्या कॅमेऱ्याच्या घरातला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमनं एका कपड्यांच्या फॅक्टरीसाठी सॉफ्टवेअर बनवलं. नावं सांगत नाही, त्यांचं नाही आणि आमचंही नाही. शिलाईच्या लाइनवर छताला कॅमेरे. प्रत्येक कामगाराभोवती पडद्यावर एक चौकोन. हात चालू असतील तर हिरवा, ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबले तर लाल. सुरुवातीच्या दिवसांत लाल झालेले तुकडे माणसानं बघून तपासायचे होते, आणि ते काम माझ्याकडे होतं.

एका तुकड्यात एक बाई होत्या. पन्नाशीच्या असतील, डोक्यावर पदर. आमच्या यादीत त्यांचा नंबर ३७. जागा सोडून सहा मिनिटं गायब म्हणून चौकोन लाल. मी बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्रण उघडलं. त्या पलीकडच्या मशीनवर वाकल्या होत्या. तिथे नवीन मुलगी बसली होती, तिचा दोरा सारखा तुटत होता. बाईंनी दोरा काढला, परत ओवला, कापड कसं धरायचं ते तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं, आणि आपल्या जागेवर गेल्या. सहा मिनिटं.

नियमानुसार लाल बरोबर होता. माझ्यापुढे दोनच बटणं होती, "बरोबर" आणि "चूक". मी "बरोबर" दाबलं.

नंतर बैठकीत मी म्हटलं की "मदत करत होती" असा तिसरा पर्याय ठेवूया. उत्तर आलं, ग्राहकानं मागितलेला नाही. मी गप्प बसलो. त्या बाईंचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मला त्यांचं नावही माहीत नाही. मी अजून त्याच क्षेत्रात आहे, घराचा हप्ता भरतो. तुमच्यासमोर शहाणपण सांगायला उभा नाही. मी ते बटण दाबलं, एवढं सांगायला उभा आहे.

अब्बा मागावर असताना शेजारच्या मागाचं सूत तुटलं आणि तिकडचा माणूस चहाला गेला असला, तर अब्बा जाऊन गाठ मारून यायचे. शेजारचाही तेच करायचा. कारखाना त्यावर चालायचा. माझ्या सॉफ्टवेअरनं अब्बांना रोज लाल केलं असतं.

यावर कुणी म्हणेल, मग चांगले, कलात्मक फोटो काढा की कामगारांचे! ब्राझीलच्या सेबास्तियाव साल्गादोनं काढले. तो अर्थशास्त्र शिकलेला माणूस. सेरा पेलाडाच्या सोन्याच्या खाणीत चिखलानं माखलेले हजारो मजूर शिड्यांवरून पोती वाहताना त्यानं १९८६मध्ये टिपले. १९८९मध्ये आपल्या धनबादच्या कोळसा खाणीत आला. १९९३मध्ये कामगारांवरचं त्याचं मोठं पुस्तक निघालं. ते बघताना अंगावर काटा येतो. त्याच्यावर टीकाही झाली, की हा दुःख फार देखणं करतो. मला देखणेपणाची अडचण नाही. गरिबाचा फोटो वाईटच यायला हवा असा नियम कुणी केला? पण त्या खाणीच्या फोटोत गर्दी दिसते, माणसाचं नाव कळत नाही. रडू येतं, पण ते नेमकं कुणासाठी हे सांगता येत नाही.

आपल्या मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेला माणूस, आणि त्याच माणसाचं घर. या कामात बहुसंख्य दलित समाजातलेच लोक का, हा प्रश्न ते फोटो बघणाऱ्याला टाळता येत नाही. २०१६मध्ये ओलवेंना पद्मश्री मिळाली. कामगारामागे एकदा जाऊन आलं की फोटो मिळतो, पण पुन्हा पुन्हा गेलं की ओळख होते, हे मी त्यांच्या कामाकडे बघून समजलो.

फोटोनं लगेच जग बदलतं, असंही मी म्हणणार नाही. हाइनच्या संस्थेच्या संग्रहात ५,०००हून जास्त फोटो आहेत. १९१६मध्ये बालमजुरीविरुद्ध कायदा झाला. १९१८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. दावा कुणाच्या नावानं होता ठाऊक आहे? सूतगिरणीत काम करणाऱ्या एका बापाच्या. माझ्या पोरांना काम करू द्या, म्हणून. मागे गिरणीमालकांचं बळ होतं, पण बापाच्या घरातली तंगीही खोटी नसणार. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. आणि १९४०मध्ये हाइन वारला तेव्हा त्याला कुणी काम देत नव्हतं, घरही हातातून गेलं होतं.

आता आपल्याकडे वळतो. वर्तमानपत्रात मुसलमानांबद्दल काही छापायचं असलं, मग ते शिक्षण असो, निवडणूक असो की महागाई, सोबत फोटो कोणता असतो? नमाजाच्या रांगा, पाठीमागून. किंवा बुरखा घातलेल्या दोन बायका, पाठीमागूनच. ईदला शीरखुर्मा. वर्षातून काही तासांचे हे फोटो. आणि रोज दहा-बारा तास मागावर, भट्टीवर, गॅरेजमध्ये, शिलाई मशीनवर जे आयुष्य जातं, त्याचा फोटो नाही. दोष फक्त त्यांचा नाही. आपल्या स्वतःच्या मोबाइलमध्ये बघा. लग्नं आहेत, सत्कार आहेत, सेल्फी आहेत. माझी अम्मी आम्हाला शाळेत पाठवून कांड्या भरायची, तिच्या बोटांना सुतानं चरे पडलेले असायचे. आमच्या घरात तिचा त्या कामाचा एकही फोटो नाही. कारण ते "काम" आहे असं आम्ही कुणी धरलंच नव्हतं. तीसुद्धा.

गेल्या वर्षी मी ठरवलं, अब्बांचा मागावर फोटो काढायचा. आता ते कायमचे जात नाहीत, कुणी सुटीवर असला की बदली म्हणून जातात. मालकाची परवानगी घेतली आणि कॅमेरा घेऊन गेलो. तो खडखडाट इतका की खुणांनीच बोलावं लागतं. अब्बांना तसंही आता कमी ऐकू येतं. मी कॅमेरा वर केला तर त्यांनी हातानं थांब म्हटलं. बाहेर गेले, बनियनवर खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट चढवून आले, केस ओले करून विंचरले, आणि मागाला टेकून ताठ उभे राहिले.

मला हवा होता तो घामेजलेला, वाकलेला, धोट्याकडे बघणारा माणूस. मासिकात शोभेल असा. त्यांना हवा होता शर्टातला माणूस. मी मनात चिडलो. मग लक्षात आलं की मीही त्यांना माझ्या चौकोनात बसवायला निघालो होतो. शर्टातला फोटो काढला. तो झाल्यावर त्यांनी स्वतःच बाह्या दुमडल्या, कामाला लागले आणि म्हणाले, "आता घे पाहिजे तर."

दोन्ही फोटो छापून घरी नेले. खाली काय लिहू विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं लिहिलंय: नाव, इचलकरंजी. चौदाव्या वर्षी कांडीवाला म्हणून लागलो. नंतर चार माग, मग सहा माग. मीटरवर मजुरी. डाव्या कानानं ऐकू येत नाही. दोन मुली, एक मुलगा, तिघं शिकले.

मला वडिलांबद्दल वाटायचं की सगळं माहीत आहे. चौदाव्या वर्षाचं मला माहीत नव्हतं. तेही सुटीतच लागले होते.

तर तुम्हाला एक काम देतो. पुढच्या शिबिराला प्रत्येकानं घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एका काम करणाऱ्या माणसाचा फोटो आणायचा. त्याखाली पाच ओळी: नाव, काम, किती वर्षं, मजुरी कशी मिळते, आणि त्यांनी स्वतः सांगितलेलं एक वाक्य. घरात बसून काम करणाऱ्या बायका यात आल्याच पाहिजेत.

तीन पथ्यं पाळा. पहिलं, आधी विचारा. नाही म्हणाले तर नाही. कसं दिसायचं तेही त्यांनाच ठरवू द्या. दुसरं, नाव वहीत लिहा, पण त्यांच्या संमतीशिवाय नेटवर टाकू नका. फोटो आणि पगाराचा आकडा एकत्र फिरला तर उद्या मालक कामावरून काढू शकतो. आणि आजच्या दिवसांत नावामुळे आणखी काय काय होऊ शकतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. फोटोतलं मूल लहान असेल तर जास्तच जपा. तिसरं, फोटोची एक छापील प्रत त्या माणसाच्या हातात द्या, मोबाइलवर पाठवून मोकळे होऊ नका.

मी स्वतः आणखी एक करतोय. आमच्या नव्या प्रकल्पात "मदत" हा पर्याय लेखी प्रस्तावात टाकलाय. या वेळी बैठकीत नाही, ईमेलवर, म्हणजे नोंद राहील. मंजूर होईलच असं नाही. काय झालं ते पुढच्या शिबिरात सांगेन.

दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. कुणाचा फोटो काढणार, त्यांचं नाव आणि तुमचं नाव लिहून जा.